चंद्राचा फोटो: पौर्णिमा सोडा, अष्टमी धरा

प्रश्न गोव्यातल्या फोंड्याहून आलाय. कोजागरीला गच्चीवर दूध आटवताना एका शिक्षिकेने चंद्राचे फोटो काढले. कॅमेरा साधा डीएसएलआर, त्याच्याबरोबर आलेल्या १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स. सगळ्या फोटोंत चंद्र म्हणजे नुसता पांढरा गोळा. डाग नाहीत, विवरं नाहीत, भोवती धुरकट वलय. त्या विचारतात, चंद्र स्पष्ट यायला किती मोठी लेन्स घ्यावी लागेल, आणि साध्या कॅमेऱ्याला हे झेपतं का?

झेपतं. तुमच्या ५५-२५० लेन्समधून चंद्रावरचं कोपर्निकससारखं विवर, त्याच्या काठाची सावली, तिथल्याच एपेनाइन पर्वताची रांग, हे सगळं व्यवस्थित येतं. पैसे खर्च करण्याआधी दोन गोष्टी बदला: उजेडाचा हिशोब कॅमेऱ्याच्या हातातून स्वतःच्या हातात घ्या, आणि पौर्णिमेचा दिवस सोडा. बाकीची काळजी त्यानंतरची.

आधी उजेडाचं. चंद्र रात्री दिसतो म्हणून आपण तो रात्रीच्या विषयांत धरतो, आणि कॅमेराही तेच करतो. पण चंद्रावर पडलेलं असतं ते ऊन. आपल्या अंगणात दुपारी बाराला पडतं तेच, तेवढंच. त्यात चंद्राची जमीन मुळात काळपट आहे. पडलेल्या उजेडापैकी सुमारे १२ टक्केच ती परत पाठवते, जुन्या डांबरी रस्त्याइतका तिचा रंग. म्हणजे तुम्ही भर दुपारच्या उन्हातल्या डांबरी रस्त्याचा फोटो काढताय, फक्त भोवती काळंकुट्ट आकाश आहे. कॅमेऱ्याचं मीटर फसतं ते त्या आकाशामुळे. २५० मिलिमीटरवर चंद्र सेन्सरवर साधारण सव्वादोन मिलिमीटरचा पडतो आणि सगळ्या चौकटीचा जेमतेम १ टक्का भाग व्यापतो. उरलेले ९९ टक्के काळे बघून कॅमेरा समजतो की अंधार आहे, आणि शटर अर्धा-एक सेकंद उघडं ठेवतो. तेवढ्या वेळात चंद्र जळून पांढरा होतो. तुमच्या फोटोंत झालंय ते एवढंच.

म्हणून डायल एम (मॅन्युअल) वर न्या. फिल्मच्या काळापासून एक नियम चालत आलाय: पूर्ण चंद्राला एफ/११ (लेन्सच्या छिद्राचा आकडा), आणि शटर आयएसओच्या (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील त्याच्या) आकड्याएवढं, म्हणजे आयएसओ १०० ला १/१००. तुमच्या लेन्सवर मी एफ/८ आणि १/२०० पासून सुरुवात करायला सांगेन. उजेड तेवढाच मिळतो आणि या जातीच्या लेन्स एफ/८ ला सगळ्यात धारदार असतात. एफ/१६ च्या पुढे जाऊ नका, तिथे विवर्तनाने, म्हणजे बारीक छिद्रातून उजेड पसरल्याने, सगळंच मऊ पडतं. आपल्याकडे समुद्रावरून आलेली दमट हवा असते, चंद्र थोडा खाली असेल तर १/१२५ वर यावं लागतं. एक फोटो काढा, हायलाइट अलर्ट (जळालेला भाग लुकलुकवून दाखवणारी सोय) चालू करून बघा. चंद्रावर कुठेही काळं-पांढरं लुकलुकत असेल तर शटर आणखी जलद करा. काळोखात कॅमेऱ्याचा पडदा डोळ्यांना फार उजळ वाटतो, त्यामुळे पडद्यावर चंद्र किंचित राखाडी, थोडा मंद दिसला तर तो बरोबर आलाय असं समजा. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ कच्च्या फाइलमध्ये ठेवा. मंद आलेला चंद्र नंतर उजळता येतो, जळलेला परत आणता येत नाही.

आता तिथीचं, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळा फरक इथे पडतो.

पौर्णिमेला सूर्य आपल्या पाठीमागे आणि चंद्र समोर. चंद्रावरच्या कुठल्याही डोंगराची सावली त्याच्याच मागे लपलेली, आपल्याला दिसतच नाही. सावली नाही म्हणजे खोली नाही. विवरं सपाट होतात, उरतात ते काळे सागर (नावाचेच सागर, खरं तर सपाट मैदानं) आणि टायको विवरापासून फुटलेले पांढरे पट्टे. ते पट्टे बघायचे असतील तर पौर्णिमाच हवी, हे खरं. पण 'विवरं का दिसत नाहीत' या प्रश्नाचं उत्तर कॅमेऱ्यात शोधण्यात अर्थ नाही.

शुद्ध अष्टमीला बघा. चंद्राचा अर्धा भाग उजेडात, अर्धा अंधारात, आणि दोन्हींच्या सीमेवर सूर्य नुकता उगवलेला. तिथे टेकडीएवढ्या उंचवट्याचीही लांबच लांब सावली पडते. भिंतीवरचं कॅलेंडर या कामासाठी फार उपयोगी आहे. त्यात रोजची तिथी असते आणि एक तिथी म्हणजे सूर्य-चंद्रातलं १२ अंशांचं अंतर. चंद्रावरची ती सीमारेषाही रोज साधारण तेवढीच सरकते. म्हणून तिथी बघून त्या रात्री काय दिसणार ते आधीच सांगता येतं. पंचमी-षष्ठीला थिओफिलस, सिरिलस आणि कॅथरिना हे तीन विवरांचं त्रिकूट. अष्टमीला चंद्राच्या मधोमध टॉलेमियस, अल्फान्सस आणि आर्झाकेल एकाखाली एक, आणि वरच्या बाजूला एपेनाइनची वळणदार रांग उन्हात नुकती वर येताना. नवमी-दशमीला कोपर्निकस आणि दक्षिणेकडे अवाढव्य क्लेव्हियस. तिथी दिवसा कधी बदलते त्यावर एखादा दिवस मागेपुढे होतो. तासातासाला सावल्या बदलतात, त्यामुळे संध्याकाळी सातला काढलेला आणि रात्री दहाला काढलेला अष्टमीचा चंद्र शेजारी ठेवून बघाच.

किती बारीक दिसेल? २५० मिलिमीटर आणि २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात चंद्राचा व्यास सुमारे ६०० पिक्सेलचा येतो. चंद्र ३,४७४ किलोमीटरचा. म्हणजे एका पिक्सेलमध्ये साधारण ६ किलोमीटर. कोपर्निकस ९३ किलोमीटरचं आहे, ते १५-१६ पिक्सेलमध्ये बसतं. त्याची गोलाई, अंधारात बुडालेला एक काठ आणि उन्हात चमकणारा समोरचा काठ, एवढं स्पष्ट ओळखू येतं. १८-५५ लेन्सवर मात्र चंद्र १३० पिक्सेलचा होतो, तिथे विवरांची अपेक्षा ठेवू नका. ती लेन्स चंद्रासह निसर्गदृश्य टिपायला वापरा.

अष्टमीला एक्स्पोजर, म्हणजे उजेडाचा हिशोब, बदलावं लागतं. अर्धा चंद्र पौर्णिमेच्या निम्मा उजेड देत असेल असं वाटतं, पण तो जवळपास दहावा हिस्साच देतो, कारण ऊन तिरपं पडलेलं असतं आणि सावल्या भरपूर. एफ/८, १/१२५, आयएसओ २०० पासून सुरुवात करा. सीमारेषेजवळचा भाग थोडा अंधुक राहिला तरी चालेल, कडेचा उजळ भाग जळता कामा नये. तृतीया-चतुर्थीच्या कोरीला एफ/५.६, १/१००, आयएसओ २०० ते ४००.

फोकसवर लोक घाई करतात. लेन्सवरची अनंताची खूण असो वा नसो, तिच्यावर विसंबू नका. लाइव्ह व्ह्यू (पडद्यावरचं थेट चित्र) चालू करा, चंद्रावर चौकोन आणा, दहापट मोठं करा. पडद्यावर आता चंद्राचा एक तुकडा थरथरताना दिसेल. लेन्स मॅन्युअल फोकसवर टाकून रिंग अगदी हळू फिरवा. सीमारेषेवरचं एखादं विवर निवडा आणि त्याच्यावरच नजर ठेवा. आधी तो नुसता करडा डाग असतो, मग त्याचा काठ धारदार होतो, रिंग किंचित पुढे गेली की परत मऊ पडतो. पुढे-मागे करून मधली जागा पकडायची. हवेमुळे प्रतिमा सतत हलत असते, त्यामुळे एका क्षणाला स्पष्ट दिसलं म्हणून थांबू नका. हवा शांत झाल्याचे दोन-तीन क्षण वाट पाहून मगच रिंग सोडा. एकदा बसलं की रिंगला हात लावायचा नाही. तासाभराने मात्र परत तपासा, हवा गार झाली की फोकस थोडा सरकतो.

ट्रायपॉड लागतोच. त्याचे पाय शक्य तेवढे कमी लांबवा, मधला दांडा वर काढू नका, खाली पिशवी अडकवा. लेन्सवरचं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद करा आणि शटर बोटाने न दाबता २ किंवा १० सेकंदांच्या टायमरने सोडा. ट्रायपॉड नसेल तर बलकावाच्या (घरापुढच्या ओसरीच्या) कठड्यावर तांदळाची छोटी पिशवी ठेवून तिच्यात लेन्स रुतवा, १/२०० ला ते पुरतं. उलट लेन्स लांब असताना शटर फार मंद ठेवलं तर ट्रायपॉडही वाचवत नाही, कारण पृथ्वी फिरते. सेकंदाला १५ विकला चंद्र सरकतो, म्हणजे तुमच्या लेन्सवर एका सेकंदात ५ पिक्सेल.

हा हिशोब कोरीच्या फोटोत आडवा येतो. तृतीयेच्या संध्याकाळी कोरीच्या आत उरलेला सगळा चंद्र मंद, राखाडी उजेडात दिसतो. तो पृथ्वीवरून परावर्तित होऊन तिथे पोचलेला सूर्यप्रकाश. लिओनार्डो दा विंचीने त्याचं बरोबर कारण सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला लिहून ठेवलं होतं. त्यासाठी एफ/५.६, आयएसओ १६०० आणि अर्धा सेकंद लागतो. कोर जळेल, जळू द्या. दोन एक्स्पोजर जोडून कोरही धारदार दाखवणारे फोटो पुष्कळ दिसतात, पण डोळ्यांना ते दृश्य तसं दिसत नाही आणि माझ्या मते त्या फोटोंत चंद्र चिकटवलेला वाटतो.

आता आपल्या गोव्याचं. आपण साडेपंधरा अंश उत्तर अक्षांशावर आहोत, ही फार मोठी सोय आहे. माघ ते चैत्र या काळात शुद्ध अष्टमीचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर असतो. डोक्यावर म्हणजे मधली हवा सगळ्यात कमी. उत्तर युरोपातल्या छायाचित्रकारांना हा चंद्र कधीच इतका वर मिळत नाही. अडचण एकच, कॅमेरा सरळ वर धरला की मान मोडते आणि ट्रायपॉडचं डोकं खाली घसरतं. फिरणारा पडदा असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर चंद्र पश्चिमेला थोडा कलेपर्यंत तास-दोन तास थांबा.

हवा शांत हवी, हे नुसतं स्वच्छ आकाशापेक्षा वेगळं आहे. दिवसभर तापलेली काँक्रीटची गच्ची रात्री नऊपर्यंत उष्णता सोडत असते आणि त्या वर चढणाऱ्या हवेतून बघितलं की चंद्राची कड पाण्याखाली असल्यासारखी हलते. मंगळुरी कौलांच्या छपरावरून नेम धरला तरी तेच. शेताच्या बांधावर, खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल शेतजमिनीच्या) कडेला, गवतावर उभं राहिलात तर फरक लगेच दिसतो. पाऊस गेल्यावर, नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत आकाश सगळ्यात बरं. आतल्या भागात, सत्तरी-सांग्याकडे थंडीच्या पहाटे धुकं उतरतं, तेव्हा तिकडे संध्याकाळचा चंद्र धरावा.

समुद्रावर चंद्र हवा असेल तर दिशा लक्षात घ्या. आपला समुद्र पश्चिमेला. पौर्णिमेचा चंद्र उगवतो सह्याद्रीवरून आणि समुद्रात मावळतो पहाटे. कळंगुट किंवा मिरामारला कोजागरीच्या संध्याकाळी कॅमेरा घेऊन गेलात तर चंद्र तुमच्या पाठीमागे, इमारतींवर असतो. भरलेला चंद्र पाण्यावर हवा असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटे जा. संध्याकाळी पाण्यावर मिळते ती शुद्ध पक्षातली कोर.

आणि चंद्र कशाच्या तरी मागे मोठा दिसायला हवा असेल तर त्याचं गणित सोपं आहे. चंद्र आकाशात अर्ध्या अंशाचा, म्हणजे वस्तूपासून जितके मीटर लांब उभे राहाल त्याला साधारण ११५ ने भागा, तेवढ्या मीटर रुंदीचा चंद्र त्या वस्तूमागे दिसतो. मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ आवारातून ५० मीटरवरून टिपला तर चंद्र त्याच्यामागे अर्ध्या मीटरपेक्षाही लहान. देवळाच्या आवारात मागे सरायला जागाच नसते, म्हणून तिथला मोठ्या चंद्राचा फोटो जमत नाही. मिरामारहून आग्वादचा डोंगर मात्र साडेतीन-चार किलोमीटरवर, पश्चिमेपासून जरा वायव्येकडे आहे. तिथे चंद्र तीस-पस्तीस मीटरचा होतो आणि दीपगृह त्याच्यापुढे अख्खं मावतं. चैत्रातली, म्हणजे पाडव्यानंतर तिसऱ्या-चौथ्या संध्याकाळची कोर त्याच बाजूला मावळते. नेमका कोन दरवर्षी थोडा बदलतो, तो 'स्टेलॅरियम' या मोफत ॲपमध्ये तारीख घालून आधी बघून घ्या आणि किनाऱ्यावर त्याप्रमाणे मागेपुढे सरका.

क्षितिजावरचा चंद्र मोठा दिसतो तो भास आहे. खरं तर तो तेव्हा आपल्यापासून पृथ्वीच्या त्रिज्येएवढा, सहा हजारांहून अधिक किलोमीटर जास्त लांब असतो, त्यामुळे किंचित लहानच. कॅमेरा हा भास टिपत नाही.

दृश्य आणि चंद्र दोन्ही नीट हवेत तर पौर्णिमेऐवजी चतुर्दशी घ्या. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून चतुर्दशीला तो सूर्यास्ताआधीच वर आलेला असतो. डोंगरावर, देवळाच्या कळसावर अजून ऊन असतं आणि चंद्रावरही ऊनच. दोघांना एकच एक्स्पोजर चालतं. पौर्णिमेला काळोख पडल्यावर ते जमत नाही, चंद्र नीट आला की दृश्य काळं पडतं.

काही बारीक गोष्टी. लेन्सवरचा यूव्ही फिल्टर चंद्रासाठी काढून ठेवा. सेन्सरवरून परतलेला उजेड फिल्टरच्या काचेवर आपटून फोटोत चंद्राशेजारी दुसरा फिकट, हिरवट चंद्र उमटवतो. तुमच्या फोटोंतलं धुरकट वलय बहुतेक जास्त एक्स्पोजरमुळेच आलंय, पण काचेवर खाऱ्या वाऱ्याचा थर असेल तर तेही कारण असतं, म्हणून पुढची काच आधी स्वच्छ करा. एसीच्या खोलीतून कॅमेरा एकदम बाहेर आणू नका, आपल्या दमटपणात काच क्षणात वाफेने भरते. बॅगेतच बंद ठेवून अर्धा तास बाहेर राहू द्या, मग उघडा. पावसाळ्याचे चार महिने लेन्स सिलिका जेलसह हवाबंद डब्यात हवी. गोव्यात कपाटात ठेवलेल्या लेन्सला बुरशी लागायला एक पावसाळा पुरतो, आणि बुरशी लागलेल्या लेन्समधून कुठलाही चंद्र धूसरच येतो.

एकच फोटो काढून थांबू नका. हवा क्षणाक्षणाला बदलते, त्यामुळे वीस-तीस लागोपाठ काढा आणि कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठे करून सगळ्यात धारदार निवडा. याच्या पुढची पायरी म्हणजे त्यातले चांगले एकावर एक रचणं. 'ऑटोस्टॅकर्ट' हे मोफत सॉफ्टवेअर ते आपोआप करतं, आणि 'रेजिस्टॅक्स'मध्ये नंतर धार काढता येते. धार काढताना चंद्राच्या कडेला पांढरी रेघ उमटली की मर्यादा ओलांडली असं समजा आणि मागे या.

फोनबद्दलही अनेकजण विचारतात. फोनची साधी लेन्स चंद्राला अगदीच तोकडी. चंद्रावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, उजेडाची पट्टी खूप खाली ओढा, निदान गोल आणि डाग दिसतील. १० बाय ५० ची दुर्बीण ट्रायपॉडवर बांधून तिच्या डोळ्याकडच्या भिंगाला फोन लावला तर मोठी विवरं दिसायला लागतात. काही फोन चंद्र ओळखून त्याचा तपशील सॉफ्टवेअरने भरतात. सॅमसंगने २०२३ मध्ये आपल्या फोनमधली ही पद्धत स्वतःच समजावून सांगितली होती. तो फोटो सुंदर असेल, पण त्या रात्री, त्या तासाला पडलेली सावली तुम्हाला बघायची असेल तर तुमचा जुना डीएसएलआरच भरवशाचा.

राहिला लेन्सचा प्रश्न. सध्या पैसे घालायचेच असतील तर आधी जड, घट्ट ट्रायपॉड घ्या. २५० च्या जागी ३०० ची लेन्स घेऊन चंद्र ६०० वरून जेमतेम ७२० पिक्सेलचा होतो, तेवढ्यासाठी खर्च नको. पुढे खरंच मोठा चंद्र हवासा वाटला तर निकॉन पी९०० किंवा पी१००० सारखा लांब झूमचा कॅमेरा वापरलेला मिळतो का बघा. पी९०० ची पोच २००० मिलिमीटर लेन्सच्या तोडीची, पी१००० ची ३०००. त्यांचा सेन्सर छोटा आहे, पण चंद्रावर उजेडाला तोटा नाही, त्यामुळे ते इथे चांगलं काम देतात. तोपर्यंत येत्या शुद्ध अष्टमीला ५५-२५० लावा, एफ/८, १/१२५, आयएसओ २००, आणि त्यातला सगळ्यात धारदार फोटो मूळ रॉसकट पाठवा. फोकस कमी पडलाय, हवा आडवी आली की ट्रायपॉड हलला, ते बघून सांगता येईल.